बावीस

जागा एकच होती, रात्रपाळीची,
साखरीनाट्याच्या बर्फ कारखान्यात, जेटीच्या वरच्या अंगाला,
जिथे अमोनियाचा वास सुक्या बांगड्याच्या वासाला
दिवसभर ढकलत असतो, आणि हरतो.

दोघे आले.
तौफिक होडेकर तासभर उशिरा, कोपरापर्यंत ग्रीस.
बसायच्या आधी त्याने कॉम्प्रेसरकडे मान वाकडी केली,
"तिसरं बेअरिंग रडतंय. शिमगा बघणार नाही."
उशीर का, विचारलं.
त्याने खांदे उडवले फक्त.
(कुणाच्या तरी बंद पडलेल्या होडीत अडकला होता,
हे मला फार नंतर कळलं, आणि तेही दुसऱ्याकडून.)

रघुवीर आडिवरेकर
फाटक उघडायच्या आधीपासून उभा.
दाखले प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी रुमालात.
काजूच्या कारखान्यात सात वर्षं, खाडे चार:
तीन सुतकाचे, एक स्वतःच्या लग्नाचा.

मी काही मोठा मालक नव्हे.
बँकेचं कर्ज, दोन टाक्या, एक क्रेन
आणि वडिलांचं एक वाक्य, हेच माझं भांडवल:
हुशार माणूस पगार घेतो आणि मत देतो,
कष्टाळू नुसता पगार घेतो.
रघुवीरला ठेवलं.

नऊ महिने एकदाही पस्तावलो नाही.
दर तासाला काट्याचा आकडा वहीत,
अक्षर असं, की शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहावा.
बेअरिंगने शिमगाही बघितला.
मी चारचौघांत सांगत सुटलो,
नोकरीला अक्कल नको, नियत हवी.

मग बंदी उठली.
जेटीला चाळीस होड्या नाकाला नाक लावून,
आणि पहिली लादी क्रेनवरच फुटली.
बोटभर कवच. आत पाणी.
दुसरी फुटली. तिसरी.
तांडेल शिव्या देते तर बरं झालं असतं.
ते गप्प बघत राहिले,
मग एकेक दोर सुटला, जैतापूरच्या दिशेला.

वही उघडली.
रात्री दहा: बावीस.
अकरा: बावीस.
बारा, एक, दोन, बावीस बावीस बावीस,
पहाटे सहापर्यंत, खाडाखोड नाही.
मी काचेवर टिचकी मारली
आणि अडकलेला काटा शून्यावर घसरला,
सुटलो एकदाचा, असं म्हणत असल्यासारखा.

"रघू, रात्री आवाज बदलला नाही?"
"बदलला ना. एकच्या सुमाराला."
"मग?"
"तुमी लिवायला सांगितलंत. आयकायला नाय."

उद्धटपणा नव्हता त्यात.
डोळे लाल, मिनिटभर टेकला नव्हता तो.
आणि तेव्हा मला त्याची दुसरी रात्र आठवली,
त्याने म्हटलं होतं, शेठ, या काचेला आतून घाम येतो,
आणि मी म्हटलं होतं,
तू आकडा लिही, बाकीचं मी बघतो.

त्यानंतर तो अक्कल फाटकाशी काढून ठेवायचा,
चपलांच्या बाजूला,
आणि सकाळी जाताना घालून जायचा.
घरी त्याने पऱ्ह्याचं पाणी बिनपंपाचं
सात घरांत खेळवलंय. वाडी दाखवत होती मला,
मीच नियुक्तीपत्र दिलं होतं त्याला,
आणि मला पाहुण्यासारखं ऐकावं लागलं.

तौफिक जैतापूरला आहे. म्हणतात,
त्या रात्री तो कामावर आलाच नव्हता,
क्रिकेटची मॅच होती कुठेतरी.
खरं-खोटं माहीत नाही.
खरं असावं, असं मला वाटतं,
म्हणजे माझा निर्णय थोडा तरी बरोबर ठरेल.

काटा नवा बसवला. वहीत एक रकाना वाढवला,
वर लिहिलं: आवाज.
सात रात्री तो कोराच.
मी विचारलं नाही. विचारलं असतं
तर त्याने मला हवं तेच लिहिलं असतं.
आठव्या रात्री, दोनच्या ओळीत,
त्याच सुविचारी अक्षरात, एकच शब्द:

रडतंय.